‘ळ’ची शिकवणी

मला हसू फार येतं. येऊ नये तिथे तर हमखास येतं. मयताला गेले तरी मी आईच्या पाठीमागे लपून उभी राहते, कारण कुणाच्या तिरक्या टोपीकडे नजर गेली आणि सुटलं की सुटलं. जळगावला समाजकार्याच्या कॉलेजात प्रवेश घेतला तेव्हा पहिल्याच तासाला आमच्या मॅडम म्हणाल्या, आपल्याला लोकांच्या अडचणीत काम करायचंय, तेव्हा त्यांच्यापुढे रडायचं नाही, आणि हसायचं तर मुळीच नाही. सगळा वर्ग गंभीर झाला. मला तेवढ्यावरूनच हसू फुटलं. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुढची दोन वर्षं ती नजर काही माझ्यावरून हटली नाही.

मॅडम वाईट नव्हत्या हं. पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेल्या व्यापारी घरातल्या, पण मराठी अशी की जणू नुकतीच इस्त्री केलीय. माझी मराठी मात्र चुरगळलेली. आम्ही धुळ्याजवळच्या सोनगीरचे, घरात अहिराणी. अहिराणीत ‘ळ’ नाही. जिथे तुमचा ‘ळ’ तिथे आमचा ‘य’. धुळं आमचं धुयं, जळगाव आमचं जयगाव, डोळा म्हणजे डोया आणि केळी म्हणजे केयी. ओळख करून द्यायच्या दिवशी मी उभी राहिले आणि ठसक्यात सांगून टाकलं, मी धुयाहून आले. वर्ग खदाखदा हसला. एरवी मी दुसऱ्यांना हसणारी, पण त्या दिवशी माझी कानशिलं तापली. फार लागलं मला ते.

मग काय, पिंप्राळ्यातल्या आमच्या खोलीत आरशासमोर उभी राहून मी ‘ळ’ घोटला. जीभ मागे वळवायची, टाळूला लावायची आणि सोडायची. काळा, निळा, पिवळा. काळा, निळा, पिवळा. खोलीतल्या मुली म्हणायच्या, रंगाच्या दुकानात नोकरी धरतेयस का गं? पण ‘ळ’ आला. आला तो असा आला की मी ‘ल’च्या जागीही ‘ळ’ घालायला लागले. एकदा मॅडमना मी अगदी आदरानं म्हणाले, की मॅडम, आज साडी कळरफुळ आहे. त्यांनी पुन्हा चष्म्यावरून पाहिलं.

दुसऱ्या वर्षी फील्डवर्क वाटून दिलं. म्हणजे आठवड्यातले काही दिवस वर्गात न बसता प्रत्यक्ष लोकांत जाऊन काम करायचं. कुणाला दवाखाना मिळाला, कुणाला शाळा, कुणाला बचत गट. माझ्या वाट्याला आलं, ‘स्थलांतरित व निर्वासित कुटुंबे’. मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना फोन लावला आणि सांगितलं, की मला पाकिस्तानातून आलेल्या सिंधी कुटुंबांना मदत करायचीय.  आबा म्हणाले, ‘जयगावमा पाकिस्तान कव्हय उनं?’

तर जळगावात पाकिस्तान केव्हा आलं, ते मलाही तेव्हाच कळलं. फाळणीच्या वेळचे सिंधी लोक आम्हाला माहीत होते, मार्केटमधली निम्मी कापडाची दुकानं त्यांचीच. पण त्यानंतरही थोडे थोडे लोक येत राहिलेले होते. सिंधमधली घरंदारं सोडून, यात्रेचा व्हिसा काढून यायचे आणि इथे नातेवाइकांच्या आधारानं राहून जायचे. मग वर्षानुवर्षं व्हिसा वाढवत राहायचं, कागद जमवायचे, आणि एक दिवस साहेबासमोर बसून, शपथ घेऊन भारताचं नागरिक व्हायचं. त्यांना ह्या सगळ्यात हात देणारं एक छोटं केंद्र होतं आणि मॅडम तिथे सल्लागार होत्या. झालं, म्हणजे कॉलेजात मॅडम आणि केंद्रातही मॅडमच.

मला जे घर दिलं ते मोठं गमतीचं होतं. नवरा भारतीय झालेला, दोन्ही मुलगे भारतीय झालेले, आणि आई तेवढी अजून पाकिस्तानी. अर्ज चौघांनी एकत्र केलेला. पण ती बाई साहेबासमोर बसली की मूग गिळून बसायची. नाव विचारलं, गप्प. इथे राहायचंय का विचारलं, गप्प. दोन वेळा असं झालं. तेव्हाचे साहेब म्हणाले, की बाई स्वतः तोंडानं काही सांगत नाहीत, त्यांची खुशी आहे की घरचे जबरदस्ती करतायत हे मी कसं ठरवू? आता शेवटचं एकदा बोलावू, आणि तेव्हाही बोलल्या नाहीत तर अर्ज बंद. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे पुन्हा कितीतरी वर्षं. मॅडमनी मला सांगितलं, तुझं काम एकच. त्यांना बोलतं कर. वर्गात तुझं तोंड मिटत नाही, त्याचा काही उपयोग होतो का पाहू.

जाण्यापूर्वी त्यांनी मला तीन गोष्टी बजावल्या. हसायचं नाही, त्यांच्या घरी काही खायचं नाही, आणि काकी-मावशी असलं नातं जोडायचं नाही. मी मान हलवली आणि स्कूटी काढली.

सिंधी घरात पाहुणा आला की पाण्याबरोबर पापड देतात, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी टेकतेय तोवर समोर ताटाएवढा भाजलेला पापड. मी नको म्हणाले. बाईंचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, बरं, एक तुकडा. आता पापड काही गुपचूप खाता येतो का? त्या शांत घरात पहिल्याच घासाला असा कडाड आवाज झाला, की मी दचकले, त्या दचकल्या, आणि दोघी एकमेकींकडे बघून फिदीफिदी हसत सुटलो. हसता हसता मला ठसका लागला. त्या पाठीवर थापटायला लागल्या आणि मी म्हणाले, ‘पुरे, काकी, पुरे.’ मॅडमचे तिन्ही नियम एका पापडात संपले.

आणि ही बाई म्हणे बोलत नाही! अहो, माझ्या तोंडाला तोंड देईल अशी ती जळगावातली पहिली बाई. सिंधीत, हिंदीत, हातवाऱ्यांत, नुसती बडबड. मला ‘पुट’ म्हणायला लागल्या. म्हणजे लेकरू, मुलींनाही लाडानं तसंच म्हणतात. घरात नवऱ्याशी तर अखंड जुगलबंदी. काकांचं टॉवेल-चादरींचं दुकान, मिश्कील माणूस. भारत-पाकिस्तान सामना असला की ते पाकिस्तानची विकेट पडल्यावर काकींच्या पुढ्यात हात जोडून म्हणायचे, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. काकी लाटणं दाखवायच्या. म्हणायच्या, तुम्ही भारतीय झालात, तर आता भारतीय बायकोच्या हातचंच जेवा. ती मिळेपर्यंत उपाशी राहा.

मी तालीम सुरू केली. कॉलेजात शिकवतात तशी, समोर खोटा साहेब बसवायचा आणि सराव करायचा. खोटा साहेब मी. काकांचा कोट चढवला, चष्मा नाकाच्या टोकावर, पुढ्यात टीपॉय आणि शिक्का म्हणून स्टीलचा पेला. मुलगे पोट धरून हसत होते. मी घसा खाकरून विचारलं, आपलं नाव? आणि काय सांगू, एवढी बोलकी बाई, टीपॉयच्या पलीकडे बसली मात्र, तिचा चेहराच पुसला गेला. ओठ घट्ट. मी कोट काढला, चष्मा काढला, जीभ बाहेर काढून दाखवली. काही नाही. मला पहिल्यांदाच हसू आलं नाही.

मुलगे उठून गेल्यावर स्वयंपाकघरात त्यांनी सांगितलं. येताना सीमेवरच्या स्टेशनात बायकांना वेगळ्या रांगेत उभं केलं होतं. टेबलामागे एक माणूस. त्यानं काकींना विचारलं, ‘वापस कब जाओगे?’ काकींना खोटं बोलायची सवय नाही. खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि सासूनं त्यांचा हात असा दाबला की बांगडी फुटली. सासूच मग हसून बोलली, की यात्रा झाली की येतोच परत. काकी म्हणाल्या, तेव्हापासून टेबलामागे माणूस दिसला की वाटतं, मी तोंड उघडलं तर सगळ्यांना परत पाठवतील. ‘जबान ही चिपक जाती है, पुट.’

मला रडू आलं. पण रडायचंही नव्हतं ना, मग मी पापड मागितला.

आता टेबलाची भीती कशी घालवायची, हे आमच्या पुस्तकात होतं, पण पुस्तकातल्या बाईला सासू नव्हती. मी आपली रोज जात राहिले. एक दिवस काकींनीच विषय काढला. मुलगे मराठी शाळेत शिकलेले, दोघं आपसात मराठीत बोलून त्यांची टवाळी करायचे, आणि काकींना निम्मंच कळायचं. त्या म्हणाल्या, मला मराठी शिकव. ह्या तिघांनी शपथ हिंदीत घेतली, मी मराठीत घेते. त्यांच्या नाकावर टिच्चून. मला एकदम हुरूप आला. घाबरलेल्या माणसाला ईर्ष्या आली म्हणजे अर्धं काम झालं. मी त्याच दिवशी शिकवणी सुरू केली.

आणि अडलं कुठे? तर ‘ळ’पाशी. सिंधी जिभेला ‘ळ’ काही केल्या वळेना. मी म्हणायची, पापड उलटता ना, तशी जीभ उलटा, काकी. त्या जीभ उलटायच्या, डोळेही उलटायच्या, आणि शेवटी ‘केली’. केळी नाही, केली. काकांनी लगेच विचारलं, कुणी केली, काय केली? काकी रागावल्या, पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, नाही जमायचं. हे तुमचं अक्षरच आम्हाला घरात घेत नाही.

त्यांचं ते पडलेलं तोंड बघून मला वर्गातला माझा पहिला दिवस आठवला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की मग आमच्यासारखं ‘य’ म्हणा ना. केयी. काकी म्हणाल्या, केयी. अगदी लोण्यासारखं. मी म्हटलं, डोया. त्या म्हणाल्या, डोया. जयगाव. त्या टाळ्या पिटत म्हणाल्या, ‘जयगाव! ये तो जीत गए!’ जळगाव जिंकलं बाई एकदाचं.

मग आमचं जे सुरू झालं ते विचारू नका. मी आरशासमोर घासूनपुसून कमावलेली मराठी खुंटीला टांगली आणि घरची भाषा बाहेर काढली. काकी नुसत्या टिपत होत्या. बठ्ठा म्हणजे सगळा. शे म्हणजे आहे. सूर्याला आणि उन्हाला याय म्हणतात हे तर त्यांना इतकं आवडलं की सकाळी दार उघडून त्या म्हणायच्या, याय उना! जणू पाहुणाच आलाय. अडल्या की मी म्हणायची, ‘ई जाई, काकी. हयूहयू.’ येईल, हळूहळू. हे वाक्य त्यांनी असं उचललं की कणीक नीट मळली जाईना तरी कणकेला म्हणायच्या, ई जाई, हयूहयू. आणि मी? मला किती हलकं वाटत होतं! स्कूटीवरून पिंप्राळ्याला परतताना मी मोठ्यानं अहिराणीत बडबडत यायची. रिक्षावाले वळून बघायचे.

एकदा आबा बाजाराच्या कामानं जळगावला आले आणि पिशवीभर वांगी घेऊन माझ्याबरोबर काकींकडे आले. त्यांना खरं तर पाकिस्तानची बाई बघायची होती. काकी पदर सावरून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, कसं काय, आबा? बठ्ठं बरं शे ना? आबा त्यांच्याकडे बघतच राहिले. मग गप्पा सुरू झाल्या, भरतात मिरची किती घालायची इथपासून सुनांचं वळण बिघडलं इथपर्यंत. निघताना जिन्यात आबांनी मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाले, ‘पोरी, तुले कोन्ही फसाडं. हाई बाई ते शिरपूरनी शे.’ तुला कुणीतरी फसवलं, ही बाई तर आपल्या शिरपूरची आहे. किती सांगितलं तरी ते ऐकेनात. आजही त्यांना वाटतं, सरकारनं शिरपूरची एक बाई चुकून पाकिस्तानी ठरवली.

मी हवेत होते. आणि मग मॅडम तपासणीला आल्या.

काकींनी दारातच सांगितलं, ‘या मॅडम, बठा. याय कितला तपी राहिना.’ म्हणजे, बसा, ऊन किती तापतंय. मॅडम बसल्या. पापडाला त्यांनी नको म्हटलं नाही, हे मी मनात टिपून ठेवलं. पण खाली उतरल्यावर त्यांनी मला स्कूटीपाशी थांबवलं. म्हणाल्या, तू त्यांना काय शिकवलंयस हे तुला कळतंय का? शपथेत शब्द आहेत, निष्ठा बाळगीन आणि कायदे पाळीन. त्या ‘बायगीन’ म्हणतील, ‘पायीन’ म्हणतील. नवीन साहेब आलेत, कोकणातले, अक्षर न् अक्षर बघणारे म्हणे. शपथ ही शब्दांची असते. त्यांनी म्हटलं ही शपथच नव्हे, तर? तू हसतेस सारखी, पण ह्यात त्या बाईचं सगळं आहे.

 खरंच होतं ते. मी माझी हौस भागवून घेतली होती आणि काकींच्या तोंडी अशी भाषा दिली होती, की जिला कॉलेजात लोक हसतात, मग कचेरीत काय होईल! त्याच संध्याकाळी मी पुन्हा काळा, निळा, पिवळा सुरू केलं. काकी बिचाऱ्या म्हणत राहिल्या, काला, निला, पिवला, आणि ‘पाळीन’चं कधी ‘पालीन’, कधी ‘पाडीन’. कायदे पाडीन! काका म्हणाले, त्यापेक्षा गप्प बसलेली बरी. कुणी हसलं नाही. काकींचा चेहरा दिवसेंदिवस त्या टीपॉयपलीकडचा व्हायला लागला. शेवटी मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, हिंदीतच घ्या, काकी. त्यांनी मान हलवली. नाही. एवढंच.

तो दिवस उजाडला. काकींनी फिकट गुलाबी साडी नेसली होती. काका, दोन्ही मुलगे, मी, मॅडम, अशी वरात कचेरीत गेली. मोठी खोली, मोठं टेबल, टेबलामागे साहेब. तरुण, सडपातळ, केस चापून बसवलेले. बाजूला एक कारकून आणि दारात शिपाई, दोघं इथलेच, धरणगावकडचे. साहेबांनी कागद पाहिले आणि शुद्ध, स्वच्छ मराठीत विचारलं, ‘आपलं नाव सांगा.’

काकी गप्प.

साहेबांनी पुन्हा विचारलं. आवाज चांगला होता हो त्यांचा, प्रेमळच. घाबरू नका, सावकाश सांगा, म्हणाले. काकींची नजर टेबलाच्या कडेवर. काकांनी कपाळ पुसलं. मी ओढणीचं टोक दातात धरलं होतं, हसू यायला नको म्हणून नव्हे, रडू यायला नको म्हणून. साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी कारकुनाकडे पाहिलं, आणि त्या बघण्याचा अर्थ खोलीतल्या सगळ्यांना कळला.

तेवढ्यात खिडकीतून उन्हाची तिरीप साहेबांच्या तोंडावर आली. ते डोळे बारीक करायला लागले. दारातला शिपाई आपल्या सवयीनं म्हणाला, ‘साहेब, याय तोंडवर ई राहिना. पडदा लोटू का?’

साहेब म्हणाले, कोण येतंय?

शिपाई म्हणाला, याय, साहेब.

साहेबांनी दाराकडे पाहिलं. कोण याय? त्यांना आधी वेळ दिली होती का?

माझ्या पोटातून हसू असं उसळलं, की मी ओढणी जवळजवळ गिळलीच. कारकून टेबलाखाली वाकला, काहीतरी पडल्याचं सोंग करून. आणि त्या शांततेत एक आवाज आला. मऊ, जरासा घोगरा, समजावणीचा. ‘ऊन, साहेब. याय म्हणजे ऊन.’

काकी बोलल्या होत्या. टेबलामागच्या माणसाशी. त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. समोरच्या माणसाला एक शब्द अडला होता आणि त्यांना तो येत होता, बस्. साहेब म्हणाले, अच्छा, ऊन होय! काकी म्हणाल्या, हां, ऊन. आणि शिपायाला म्हणाल्या, लोट भाऊ पडदा, त्यास्ना डोया दुखतीन. शिपायानं पडदा लोटला.

मग साहेबांनी नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. कुठे राहता विचारलं, त्या म्हणाल्या, जयगावमा. तुमच्या खुशीनं अर्ज केलाय का? त्या म्हणाल्या, मनी खुशी शे, मना घरवालानी शे, बठ्ठास्नी शे. काका आ वासून बघत होते. साहेबांनी शपथेचा कागद पुढे केला आणि विचारलं, हिंदी की मराठी? काकींनी एकदा मुलांकडे बघून घेतलं आणि म्हणाल्या, मराठी.

उभ्या राहिल्या. वाचायला लागल्या. श्रद्धा छान झाली, निष्ठा छान झाली. ‘बायगीन’ आलं, साहेबांची भुवई जरा हलली, पण त्यांनी पुढे वाचू दिलं. आणि मग काकी खणखणीत आवाजात म्हणाल्या, की मी भारताचे कायदे पायीन.

साहेबांनी हात वर केला. ‘थांबा. पायीन म्हणजे?’

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी डोळे मिटले.  मला वाटलं, आता काकी पुन्हा मिटतील, आणि ह्या खेपेला माझ्यामुळे.

काकींनी कागद खाली घेतला. साहेबांकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. बिचाऱ्याला ऊन कळत नाही, पाळणं कळत नाही. त्यांना त्या माणसाची मनापासून कणव आली, मी पाहिलं ना, अगदी कणव आली. आणि त्यांनी विचारलं,

‘साहेब, तुम्ही आठे नवा शेतस का?’

 साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकून कसाबसा म्हणाला, की त्या विचारतायत, तुम्ही इथे नवीन आहात का. साहेब गोंधळले. म्हणाले, हो, म्हणजे, आत्ताच बदलून आलोय.

काकींनी मान डोलावली. ‘पहिले बठ्ठास्ले आसंच व्हस. ई जाई, साहेब. हयूहयू.’

आणि मी फुटले. आवरेना, काही केल्या आवरेना. पण ऐकते तर माझ्या शेजारून आणखी कुणीतरी हसतंय. मॅडम! पदर तोंडाला लावून, खांदे गदागदा हलतायत, चष्मा घसरलाय. कारकून हसला, शिपाई हसला, आणि साहेबांना जेव्हा ‘हयूहयू’ उलगडलं तेव्हा तेही असे हसले की त्यांचे चापून बसवलेले केस विस्कटले. डोळे पुसत म्हणाले, ‘पायीन. बरोबर आहे, बाई. पुढे वाचा.’ काकींनी शेवटपर्यंत वाचलं. साहेबांनी सही केली, शिक्का उमटवला. स्टीलच्या पेल्यासारखाच आवाज झाला त्याचा.

सगळे उठले. काकांनी हात जोडले. पण काकींचं तोंड आता उघडलं होतं, ते थोडंच मिटणार! त्यांनी टेबलावर दोन्ही हात टेकले आणि विचारपूस सुरू केली. घर कोठे? कोकणात. माय-बाप तठेच शेतस का? हो, तिकडेच. जेवणाचं काय? खानावळ. काकींनी च्‌ च्‌ केलं, आणि मग अगदी सहज, मायेनं विचारलं,

‘मंग वापस कव्हय जाशात?’

विचारलं आणि त्या थबकल्या. त्यांच्या तोंडून निघालेला तो प्रश्न त्यांना स्वतःलाच ऐकू आला होता. खोलीत फक्त त्यांना आणि मला ठाऊक होतं, की हा प्रश्न कुठला, आणि कोणत्या टेबलामागून आला होता. साहेबांना तेवढा मात्र बरोबर कळला. त्यांचा चेहरा जरासा उतरला. उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं.

काकींनी पटकन त्यांचा हात धरला. अलगद.

‘ऱ्हाऊ द्या, साहेब,’ त्या म्हणाल्या. ‘नका सांगू. घर या, पापड खाई ल्या.’

बाहेर जिन्यात मी हसलेही आणि रडलेही. मॅडम शेजारीच उभ्या होत्या. ह्या खेपेला त्यांनी चष्म्यावरून पाहिलं नाही.